न्वे मावशीने ऐकलेली हाक

ब्रह्मदेशातल्या आमच्या सागाईंगच्या गल्लीत न्वे मावशीसारखी तोंडाळ बाई दुसरी नव्हती. ती चहाची मुरवलेली पानं विकायची, आणि पानांपेक्षा तिची जीभच जास्त आंबट होती. नवरा बा शेन काका दम्याने वाकलेले, बोलायला मवाळ.

अशी बाई विहारात ध्यान शिकून आली तेव्हा आम्ही तोंडात बोटं घातली. थोरल्या भंतेंनी शिकवलं होतं, मनात जे उठेल त्याची नुसती नोंद घ्यायची, त्याच्या मागे जायचं नाही. गुडघा दुखला की ‘दुखतंय, दुखतंय’. आवाज आला की ‘ऐकू येतंय, ऐकू येतंय’. मावशी दुकानातही तेच करी. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की डोळे मिटून ‘राग, राग’ पुटपुटायची, आणि मग त्याला झाडायचीच.

“अगं, नोंद घेतलीस ना? मग शिव्या कशाला?” काका विचारायचे.

“नोंद घेतली म्हणून थोडक्यात आटोपलं!”

पण हळूहळू ती खरंच निवली. उपोसथाला, म्हणजे शीलं पाळायच्या व्रताच्या दिवशी, घरातल्या बुद्धमूर्तीसमोर तासभर न हलता बसायचा निश्चय करू लागली. काका कौतुकाने सांगत फिरायचे, “घरात इतकी शांतता, की मला माझाच दमा ऐकू येतो!”

अशाच एका उपोसथाच्या दुपारी ती बसलेली असताना मागून हाक आली. “न्वे... पाणी.” तिने नोंद घेतली, ऐकू येतंय. पुन्हा हाक आली. पुन्हा, ऐकू येतंय. मग चीड आली, तिचीही नोंद झाली. हाक थांबली तेव्हा तिला वाटलं, आज मन छान लागलं. तास भरल्यावर ती हात जोडून उठली. काका माठापाशी पडले होते. हातातला पेला कोरडा होता.

ती रडत भंतेंकडे गेली. ते हळूच म्हणाले, “बाई, उठण्याचीही नोंद घेता येते. ‘उठतेय, उठतेय’ म्हणत उठायचं होतंस.” ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती ध्यानाला कधी बसली नाही. तिच्या जिभेची धारही गेली. गल्लीत कुणीही कुणाला हाक मारली तरी हीच धावायची. पोरं मुद्दाम हाका मारून तिला पळवायची. मी त्यांना बदडायला उठले की म्हणायची, “असू दे गं. एखादी खरी असली तर?”

म्हातारपणी तिने अंथरूण धरलं. शेवटच्या क्षणी मन जसं असेल तसा पुढचा जन्म, असं आम्ही मानतो. म्हणून जाणाऱ्याच्या उशाशी बसून कुणीतरी ध्यानाची आठवण करून देतं. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून शेजारची मीच बसले. हिचं मन त्या माठापाशीच अडकून राहील, अशी मला भीती होती.

“मावशी, श्वासाकडे लक्ष दे. येतोय, जातोय.”

“हाक येतेय,” ती म्हणाली.

“नुसती नोंद घे गं,” माझ्या तोंडून गेलं, आणि मी जीभ चावली.

कितीतरी वर्षांनी तिचा तो जुना आवाज ऐकला. “मेले, बसलीस काय? ऊठ! पाणी दे त्याला!”

मी उठले. पेला भरला आणि काका पडले होते तिथे जमिनीवर ठेवला.

“प्यायला?”

“प्यायला, मावशी. सगळं प्यायला.”

तिने डोळे मिटले ते मिटलेच. त्या दिवशीही उपोसथच होता. खोटं न बोलण्याचं शील मी सकाळीच घेतलं होतं. ते मोडल्याचं मला दुःख नाही. पण नंतर पेला उचलायला गेले, तर तो काठोकाठ भरलेला होता, आणि मला तो उचलवेना.