राखेच्या रेघा

होटगीच्या रेल्वे वस्तीत आमची एक खोली होती, पुढं छोटं अंगण. वडील रेल्वेत चावीवाले. सकाळी हातोडा खांद्यावर टाकून रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून चालत जायचे आणि रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकत यायचे. मी त्या वर्षी सोलापूरला कॉलेजात जाऊ लागलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

पावसाळा सरता सरता खडीवरून घसरून वडिलांच्या गुडघ्याची वाटी फुटली. सोलापुरात ऑपरेशन झालं. प्लास्टर काढलं तेव्हा पाय वाळून गेला होता आणि गुडघा जेमतेम वाकत होता. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं थोडं चाला, घाई करू नका. संक्रांतीनंतर रेल्वेच्या डॉक्टरांची तपासणी होती. तीत नापास झाले तर त्यांच्या जागी मला घ्यावं असा अर्ज करा, असं वडिलांच्या टोळीच्या मुकादमांनी घरी येऊन आईला सांगितलं. ते चांगल्या मनानंच बोलले होते. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वडिलांना सपाट जमिनीवर पाऊलच टाकता येईना. पाय कुठं ठेवायचा तेच कळत नाही, म्हणायचे. वीस वर्षं त्यांच्या पावलांना स्लीपरनं जागा दाखवली होती. मग त्यांनीच मला तुरीची काठी देऊन यार्डात पाठवलं. दोन स्लीपरमधलं अंतर मोजून मी काठी तेवढी मोडून आणली आणि त्या मापानं अंगणात चुलीतल्या राखेच्या बारा रेघा ओढल्या. पहिल्या दिवशी भिंत धरून तीन झाल्या.

आई सडा टाकताना तेवढी पट्टी सोडायची. शेजारणी विचारायच्या, तुमच्या अंगणातून गाडी कधी सुटणार? आई म्हणायची, सिग्नल पडला की. त्या दिवसांत ती हसलेली आठवते ती एवढ्यावरच.

राख वाऱ्यानं उडायची, म्हणून कॉलेजची गाडी पकडण्याआधी रेघा पुन्हा ओढणं माझ्याकडं असे. संक्रांत जवळ आली तरी वडील सातव्या रेघेलाच थांबत होते. एका सकाळी मी काठी बाजूला ठेवली आणि रेघा चार-चार बोटं जवळ ओढल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

ते तिसऱ्या रेघेलाच थांबले. खाली न बघताच म्हणाले, "हे माप कुणी मारलं?"

मी बाजूला ठेवलेली काठी उचलली.

"रूळ माझ्यासाठी जवळ येणार हायत व्हय? कॉलेजात हेच शिकीवत्यात का?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मला चावीवाला व्हायचं नाही. बोललो आणि लाज वाटली, कारण त्याच कामावर आमचं घर चाललं होतं. ते भिंतीला टेकले.

"मलाबी तुला करायचा न्हाय की," ते म्हणाले. "पर मी पास व्हायला रेघ खरी पायजे. पूस ती."

मी सगळ्या पुसल्या, मोजून पुन्हा ओढल्या. त्या दिवशी माझी गाडी चुकली. वडील पाचव्या रेघेला दमले, पण बसले नाहीत. पुढं आठ झाल्या, मग बारा. मग ते अंगणाबाहेर, लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन येऊ लागले.

तपासणीच्या दिवशी माझी परीक्षा होती. संध्याकाळच्या गाडीतून उतरलो तर वडील प्लॅटफॉर्मवर उभे, घरापासून एकटेच चालत आलेले. डॉक्टरांनी चावीचं काम नको म्हटलं होतं, पण नोकरी राहिली, रेल्वे फाटकावर ठेवणार होते. हे मला सांगताना ते रुळांकडं बघत होते.

"तुझं नाव कुटं लिहून द्यायला लागलं न्हाय," ते म्हणाले. "पेपर कसा गेला?"

बरा गेला, म्हणालो. वह्या काखेत धरून मी त्यांच्या मागं निघालो. ते इतके हळू चालत होते की मला मधूनमधून थांबावं लागत होतं. मी त्यांचा हात धरला नाही. त्यांनीही मागितला नाही.