टोकाला कळी आहे का

"आधी पाह्य, मंग बोल," असं म्हणून आमच्या शेजारचे डॉक्टरकाका सूक्ष्मदर्शकापासून बाजूला सरकत आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत.

मुलांनो, तेव्हा मी गोंदियात मॅट्रिकच्या वर्गात होते. काकांच्या दवाखान्यामागे राइस मिल होती. ती चालू असली की टेबल थरथरे आणि काचेवरचं काहीच नीट दिसत नसे. म्हणून दुपारी मिलच्या जेवणाच्या सुट्टीत काका पेशंट सोडून आत येत.

"बकऱ्याचा मेंदू पाहून राहिले," काकू बाहेर सांगत. "माणसाची पाळी मिल सुरू झाल्यावर."

पेशी काळ्या होऊन दिसाव्यात म्हणून मेंदूचा तुकडा काका फोटोवाल्याकडून आणलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवत आणि मग त्याचे पातळ काप करत. पिवळट उजेडात काळा मज्जातंतू दिसे, फांद्या फुटलेला, आणि फांद्यांवर बारीक फुगीर गाठी. तिथून एक पेशी दुसरीला निरोप देते, असं ते सांगत. त्या गाठींना ते कळ्या म्हणत. मी चित्रात त्या माळेतल्या मण्यांसारख्या, सारख्या अंतरावर काढल्या, तर काका मला थेट फुलचूरच्या वाटेवरच्या पळसाखाली घेऊन गेले. फांद्यांवर किड्यांनी लाखेचा थर धरला होता. कुठे दाट, कुठे एखादाच लांबट फुगवटा, मग बरीच उघडी काडी.

"किड्यानं पट्टी लावून अंतर मोजलं का वं?"

मज्जातंतूची एक अख्खी फांदी शेवटच्या टोकापर्यंत कागदावर चितारायची, एवढीच त्यांची इच्छा होती. प्रत्येक टोक कळीनेच संपतं, अशी त्यांची खात्री होती. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एकच टोक राहिलं, तेव्हा त्यांना नुसतं धुकं दिसू लागलं.

"तू पाह्य. टोकाले कळी आहे नं?"

मी पाहिलं. हो म्हणावंसं फार वाटलं.

"नाही काका. तंतू कापाच्या कडेला जाऊन तुटलाय. पुढचा भाग कापात आलाच नाही."

मागे मिल सुरू झाली.

"मंग रेघ मोकळी सोड," ते म्हणाले. "कायले बंद करतं? पुढं का आहे, आपल्याले का मालूम."

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. ते तिथेच राहिले, तिथेच गेले. चित्र काकूंनी मला दिलं.

माझ्या खोलीतली ती काळी फांदी तुम्ही पाहिली आहे. मागच्या खेपेला तुमच्यापैकी कुणीतरी तिच्या मोकळ्या टोकाला पेन्सिलीने छान गोल काढून ठेवला. मी तो खोडला. कागद तिथे जरा विरला आहे, पण रेघ मोकळी आहे.