गाढवाला बांधलेली वहिनी

आमच्या दरीत सोपा हिशोब आहे. गाढव जाईल तिथपर्यंत ट्रेक, आणि गाढव जिथं अडेल त्याच्यापुढं गिर्यारोहण. मी एफ्राइन तारासोना, जातिवंत गाढववाला, म्हणून हे छाती ठोकून सांगतो. पाहुण्यांचे तंबू, भांडी, बटाटे गाढवांवर लादायचे आणि खिंडी ओलांडून द्यायच्या, हा माझा धंदा. बर्फ लागलं की माझं काम संपलं. मग मी दरीच्या डोक्यावरच्या पांढऱ्या शिखराला हात जोडतो आणि कोकाची पानं चघळत बसतो. त्या शिखराला आम्ही ताइता म्हणतो, म्हणजे बाप. बापाच्या डोक्यावर चढायची हौस मला कधीच नव्हती.

हौस होती माझ्या वहिनीला, थोरल्या भावाच्या बायकोला. एर्मेलिंदा तिचं नाव. ट्रेकवर ती स्वयंपाकीण. आणि स्वयंपाकिणीचं काम कसं, तर भांडी घासून सगळ्यांच्या मागून निघायचं आणि सगळ्यांच्या आधी पोहोचायचं. पाहुणे तळावर टेकायच्या आत सूप उकळलं पाहिजे. त्यामुळे वहिनी चालायची नाही, सुटायची! लाल घागरा, डोक्यावर टोपी, पाठीवर चुलाणं, आणि "भावजी, सरका की!" म्हणत माझ्या गाढवांना मागं टाकून पार.

या बाईनं मनावर घेतलं की आपण दोरीची गाईड व्हायचं.

"खिंडीवर लोकांना नेतेच की मी," ती म्हणाली. "पुढं नुसतं बर्फ तर आहे."

मलाही तसंच वाटायचं. चढ तो चढ, बूट तेवढे बदलायचे. दोघंही शहाणे!

पहिल्या परीक्षेत दोन माणसांना दोरीला बांधून हिमनदीवरून न्यायचं होतं. परीक्षक लिओनिदास मागून येत होते. वहिनी सवयीनं सुटली. दोरी ताणली गेली, मागचा माणूस तोंडावर आपटला, आणि त्याच्यामागचा घसरत थेट बर्फातल्या भेगेच्या काठाला. लिओनिदासनी धावत जाऊन त्याला धरला म्हणून निभावलं.

खाली आल्यावर ते म्हणाले, "सेन्योरा, पाय तुमचे चांगले आहेत. पण तुम्ही एकट्या चालता. खिंडीत ज्याचा त्याचा पाय. इथं तुमचा पाय चुकला की मागच्याचा जीव जातो. पुढच्या हंगामात एकदा बघू. नाही जमलं तर चूल आहेच."

ते 'चूल आहेच' वहिनीला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या दारात हजर.

"भावजी, तुमचा ओबिस्पो द्या."

ओबिस्पो म्हणजे बिशप. माझं सगळ्यात आळशी गाढव. रस्त्यात आशीर्वाद दिल्यासारखं उभं राहतं, म्हणून हे नाव.

"त्याला तर मीच कंटाळलोय, वहिनी. आणि तो ओढला की खाली बसतो."

"म्हणूनच पाहिजे."

तिनं दोरीचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं ओबिस्पोच्या गळ्याला, आणि निघाली कुरणावर. दोरी ताणायची नाही, पायातही येऊ द्यायची नाही. पहिल्या दिवशी ओबिस्पो इतक्यांदा बसला की गाव हसून लोळलं. अडली वहिनी, गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! माझा भाऊ बटाट्याच्या शेतातून ओरडला, "अगं, नवरा जिवंत असताना गाढवाशी गाठ?"

"दोघांत फरक सापडला की सोडते!" वहिनी तिकडूनच म्हणाली.

बटाटे निघेपर्यंत हे रोज चाललं. हळूहळू ती मागं न बघता त्याचा श्वास ऐकायला शिकली. त्याला धाप लागायच्या आधी ती थांबायची, तो निघाला की निघायची. एक दिवस ओबिस्पो एकदाही न बसता तिच्यामागून बर्फाच्या कडेपर्यंत गेला. मी त्याला आयुष्यात एवढं शहाणं बघितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बर्फाच्या कडेला वहिनीनं कोकाची तीन चांगली पानं निवडून दगडाखाली ठेवली. "ताइता, वर ने असं म्हणत नाही," ती पुटपुटली. "सगळ्यांना खाली आणू दे."

ती वर गेली आणि मी खाली मरत बसलो. स्वयंपाकीणच वर, तर सूप कोण करणार? केलं मीच. माझं सूप कसं असतं ते माझ्या बायकोला विचारा.

दुपारी ढग फाटले आणि उतारावर माणसं दिसली. पुढं निळं जाकीट. मागं पिवळं. लाल घागरा पार शेवटी! जी बाई जन्मात कुणाच्या मागं राहिली नाही, ती शेवटी? म्हणजे नापास. म्हणजे हिला बिचारीला मागून ओढत आणतायत. मी दगडावर लाथ मारली, पायच दुखावला. लिओनिदास बाजूनं सुटे उतरून आधी पोहोचले, तसा मी त्यांच्या अंगावरच गेलो.

"शेवटी का टाकलंत तिला? वर्षभर गाढवामागं... नाही, गाढवापुढं राबलीय ती!"

ते खो खो हसले. "अरे बाबा, उतरताना गाईड शेवटीच असतो. खालचा घसरला तर वरून धरायला. पिवळा जाकीटवाला घसरला होता एकदा. तिनं पाऊलभरसुद्धा जाऊ दिला नाही त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे पास. शिखरावर जाऊन आली ती."

मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली. निळा आला, पिवळा आला. मग वहिनी. तिनं दोघांच्या गाठी सोडल्या, दोरी गुंडाळली, आणि मग कुठं दगडावर टेकली. मी वाडगा तिच्या हातात दिला. एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं.

"अहो भावजी, मीठ किती!"

"पण वहिनी, आज तुम्ही शेवटी आलात."

"हो ना," ती म्हणाली. दोन्ही हातांत वाडगा धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. "आणि सूप तयार होतं."