अठरा मीटरचं विमान

चोरखमारा तलावाजवळच्या एका गावात मी शाळेत गणित शिकवते. मागच्या उन्हाळ्यात एका विद्यापीठाचे दोन छोटे ऑनलाइन कोर्स निघाले. एक विमानशास्त्राचा, दुसरा कॉम्प्युटरकडून गणितं सोडवून घ्यायचा. मी दोन्हींत नाव घातलं. नवऱ्याला सांगितलं, तर ते जेवता जेवता म्हणाले, "विमान शिकून कुठं जाऊन राहिली?" कुठंच नाही म्हटल्यावर त्यांनी आणखी भात घेतला.

दोन्ही कोर्सचं मिळून शेवटचं काम असं होतं की थर्माकोलचं एक विमान करायचं, ते किती दूर जाईल हे प्रोग्राम लिहून आधी काढायचं, मग उडवून मोजायचं. माझ्या प्रोग्रामनं पहिल्यांदा विमान जमिनीखाली चार किलोमीटर नेलं. जमीन आली की थांब, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. ते सांगितल्यावर उत्तर आलं, अठरा मीटर.

शेतातल्या धान कापलेल्या मोकळ्या बांधीत आम्ही खाट नेली. मी खाटेवर उभी राहिले, नवऱ्यानं खाट धरली आणि मी विमान सोडलं. ते इतकं छान गेलं की मला भरून आलं. मग ते बसलेल्या म्हशीकडे वळलं आणि तिच्या शिंगात पंखासकट अडकलं. म्हैस उठली, तलावाकडे चालू लागली.

मी धावले, तर पळसाखाली बसलेले तिचे मालक म्हणाले, "मागं पळू नका मॅडम. बिथरते ते."

मग आम्ही तिघंही हळूहळू तिच्यामागून गेलो. पाण्यात उतरल्यावर तिनं डोकं बुडवलं, विमान सुटलं आणि काठाला लागलं. नियम स्पष्ट होता. विमान जिथं थांबेल तिथपर्यंतचं सरळ अंतर मोजायचं. तीस मीटरचा टेप एकवीस वेळा लावला. सहाशे बारा मीटर भरले. फॉर्ममध्ये फक्त आकड्याची जागा होती. मी आकडा भरला.

पुढच्या ऑनलाइन तासाला शिकवणाऱ्या सरांनी माझं नाव घेतलं. "वर्गात सगळ्यात लांब यांचं गेलं," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. पुण्याच्या एका इंजिनिअरनं विचारलं, "मॅडम, पंखांचा कोन किती ठेवला होता?"

माझा माइक बंद आहे, असं मी चालू माइकवरून सांगितलं.

मागून नवरा पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते. ते थांबले. "काऊन लपवून राहिली? म्हैस होती ते सांग ना."

तेही सगळ्या वर्गानं ऐकलं. सर म्हणाले, "म्हैस म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं, खाटेपासून. सर हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हशीला लागलं तेव्हा किती अंतर झालं होतं?"

"मोजलं नाही सर."

"मग तुमच्या प्रोग्रामची परीक्षा झालीच नाही. परत उडवा. आणि आधी आजूबाजूला बघा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणावर खाट नेऊन परत उडवलं. अकरा मीटर गेलं. फरकाचं कारण मी वेगळ्या कागदावर लिहून पाठवलं, 'सोडताना खाट हलली.' नवऱ्याला ते आवडलं नाही. खाट त्यांनी धरली होती. पण सरांना पटलं, आणि मी पास झाले.

त्यानंतर आठवड्याभरानं शेजारच्या काकू दारात आल्या. "विमानाचं शिकल्या म्हणते तुमी. आमचा पंखा लय आवाज करून राहिला."

मी गेले. स्टुलावर चढून पाहिलं, तर एक पातं वाकलेलं होतं. सरळ करून दिलं. काकूंनी पंखा लावला, खाली उभं राहून नीट ऐकलं आणि मला बसायला सांगितलं. चहा झाला. निघताना त्यांनी विचारलं, "कूलरचं बी शिकवते का तिथं?"