बादलीतलं नवं

आमच्या सासूबाई, ठमाबाई, देवालाही चार शब्द सुनावायला कमी करत नाहीत. राहनाळचं शेत गेलं, तिथे गोदाम उभं राहिलं आणि आम्ही भिवंडीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. बाकी सगळं त्यांनी सोसलं, पण नवं करणं बंद पडलं ते काही केल्या पचेना. नवं म्हणजे आपल्या शेतातलं पहिलं पीक आधी देवापुढे ठेवायचं, मगच आपण तोंडात घालायचं. मी म्हटलं, "दुकानातून नवा तांदूळ आणते की!" तर म्हणाल्या, "विकतचं नवं? देव काय गिऱ्हाईक हाय?" घ्या! बोलून मीच वेडी ठरले.

एक दिवस टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आलेले त्यांना दिसले. झालं! "बटाटा तर बटाटा. आपल्या हातचा तरी व्हईल." रंगाच्या रिकाम्या बादल्या जमवल्या. तापल्या खिळ्याने मी तळाला भोकं पाडून दिली. माती मात्र त्यांच्या माहेरचीच हवी! पडघ्याहून भावाच्या शेतातली माती टेम्पोने आली आणि तीन जिने चढवली कोणी? मीच. मानकोलीच्या गोदामात दिवसभर पॅकिंग करून आल्यावर. तोंडाचा पट्टा चालू होता माझा, पण गोण्या वर गेल्या आणि सासूबाईंनी बटाटे लावले.

थोड्याच दिवसांत बाल्कनीत कुजका वास. उकरलं तर बटाट्यांचा चिखल! बादली उचलून बघते तर सगळ्या भोकांत चिंध्या कोंबलेल्या. जन्मभर भात लावलेली बाई, पाणी वाहून जाताना तिला बघवेल कसं? "फुटका बांध ठेवतात का कधी?" उलट मलाच विचारलं. शेजारची भाभी उत्तर प्रदेशातली, नवरा पॉवरलूमवर कामाला. ती पोट धरून हसली. "चाची, आलू उगा रही हो या मछली पाल रही हो?"

सासूबाई हसल्या नाहीत. देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "यंदा पण न्हाय रं देवा." या बाईने माझी पोर सांभाळली म्हणून मी कामाला जाऊ शकले. लोकांनी नावं ठेवली तेव्हा दारात उभं राहून एकेकाला झापलं. त्यांचे उपकार मी कशाने फेडू? दुसऱ्या दिवशी मीच चिंध्या उपसल्या, नवीन माती भरली, बटाटे लावले. भाभीने सांगितलं तसं, वरची माती सुकली की थोडंसंच पाणी, आणि रोप वाढेल तशी बुडाशी मातीची भर. गोण्या परत मीच वाहिल्या.

थंडी सरता सरता पाला पिवळा पडला. "मेलं की काय, आई?" मी सासूबाईंना विचारलं.

"मेलं न्हाय गं, पिकलं. भाताचं पण असंच."

चादरीवर बादली पालथी केली. काही लिंबाएवढे, काही गोटीएवढे, पण घट्ट, निरोगी बटाटे. सासूबाईंनी ते ओटीत घेतले आणि ढसाढसा रडल्या.

उकडून, मीठ घालून देवाला नैवेद्य दाखवला. मग पहिला बटाटा सोलून त्यांनी माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "आधी तुम्ही घ्या. तुम्ही मोठ्या."

"गप! देवामागं पयला घास राबला त्याचा. शेतावर आम्ही बैलाला भरवायचो. आता बैल न्हाय, तू हायस."

सासूने मला सरळ बैल म्हटलं, आणि मला रडू फुटलं. एवढा मान मला आजवर कोणी दिला नव्हता. मी तोंड उघडलं, त्यांनी घास भरवला.