पोनच्या बाजारातल्या नऊ जणी

मी जर्मनीला गेलो तो आमच्या तालुक्यातल्या विहिरींवर प्रबंध लिहायला. आणि लिहायला बसलो काय, तर जावा बेटावरचं एक खेडं! जे मी जन्मात पाहिलं नव्हतं, ज्याचं नाव मला धड उच्चारता येत नव्हतं, त्या खेड्याचं आणि त्याच्या आसपासच्या मुलखाचं साद्यंत वर्णन. साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, कोलोनची थंडी हाडात शिरलेली, आणि रोज सकाळी दात घासताना माझं डोकं फिरायचं.

ही कल्पना आमच्या प्राध्यापकांची. मी विहिरींचं टिपण त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी ते न वाचताच बाजूला सारलं. म्हणाले, "हे बघा, स्वतःच्या गावात माणसाला काही दिसत नाही. दुसऱ्याचं गाव घ्या." त्यांचा एक सहकारी वर्षभर त्या खेड्यात राहून आला होता. त्याच्या नोंदींच्या चार जाड वह्या कपाटात पडून होत्या, आणि तो गृहस्थ स्वतः आता दक्षिण अमेरिकेत कुठेतरी जंगलात होता. पत्राला उत्तर नाही. वह्यांतलं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडलेल्या.

माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती. फेब्रुवारीत विभागापुढे हे प्रकरण वाचायचं, ते पसंत पडलं तर प्राध्यापक मुदतवाढीचं पत्र देणार. नाही पडलं तर बोटीचं तिकीट. आणि मी पुण्याच्या कॉलेजातली नोकरी सोडून आलेलो, स्टेशनवर गळ्यात हार घालून घेतलेला, "डॉक्टर होऊनच येतो" असं मोठ्या तोंडानं सांगितलेलं. रिकाम्या हातानं परत जाऊन त्याच लोकांना तोंड कसं दाखवायचं? झोपेतसुद्धा मला तो हार दिसायचा.

त्यातल्या त्यात एक सोय होती. त्या वह्यावाल्या गृहस्थानंच त्या खेड्यातल्या एका मुलाला इंजिनिअरिंग शिकायला इथे आणला होता, आणि प्राध्यापकांनी आम्हा दोघांची सोय एकाच घरात लावली. एका विधवा आजीबाईंचं घर. शेजारच्या प्लॉटवर लढाईत पडलेल्या घराच्या विटांचा ढीग अजून तसाच. वर दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर सामाईक. एका खोलीत मी, दुसरीत तो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, किडकिडीत, आणि सतत हसरा. मला तो 'मास' म्हणायचा. मास म्हणजे दादा. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण माहिती काढायला बसलं की या पोरापुढे हात टेकायचे. विचारावं, "तुमच्याकडे विहिरीचं पाणी उन्हाळ्यात आटतं का?" तो हसून म्हणणार, "हो, मास, तसंही होतं." "म्हणजे आटतं?" "असू शकतं." "की आटत नाही?" "तेही बरोबर आहे." अरे, काय डोंबल बरोबर आहे! दोन्ही कसं बरोबर असेल? कोणाला नाही म्हणायचं नाही, मोठ्या माणसाचं तर मुळीच खोडायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. रीत चांगली असेल, पण तिच्यावर प्रबंध उभा राहत नाही.

शेवटी मी त्याला विचारणंच कमी केलं. वह्या वाचायच्या, प्रकरण लिहायचं आणि संध्याकाळी त्याला वाचून दाखवायचं, असा क्रम लावला. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "छान आहे, मास." मी पुढे जायचो.

आणि खरं सांगतो, ते खेडं मला हळूहळू ओळखीचं वाटायला लागलं. ज्वालामुखीच्या पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. बांबूच्या तट्ट्यांची घरं, परसात नारळ, केळी, फणस. गावच्या मुखियाला पगार नाही, त्याबदली कसायला जमीन, म्हणजे आमच्या पाटलाचं वतनच. खाली साखरेचा कारखाना, त्याची छोटी रेल्वे, आणि आसपासच्या पाच गावांना पाच बाजार. हे सगळं मी लहानपणापासून बघतच आलो होतो. मला वाटलं, याला काय विचारायचंय, हे तर आपलंच आहे.

बाजारांपाशी मात्र अडलो. वहीत पाच गावांपुढे पाच वार लिहिले होते: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. त्यांची इंग्रजी किंवा जर्मन नावं नव्हती. जानेवारीतल्या एका सोमवारी तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. मी दारातूनच विचारलं, "आज तुमच्याकडे कुठला वार रे?" त्यानं तिथल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या एका कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज लेगी, मास."

झालं! सोमवार म्हणजे लेगी. मंगळवार पाहिंग, बुधवार पोन, असं करत शुक्रवार क्लिवोन. शनिवार-रविवार बाजार नाही. आठवडी बाजार म्हटला की वार ठरलेला, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी बाजारावर अकरा पानं लिहिली. शनिवार-रविवारच्या सुट्टीवर तर असा एक परिच्छेद लिहिला, की वाचून माझं मलाच कौतुक वाटलं. पोनच्या म्हणजे बुधवारच्या बाजारात कोण काय विकतं याचा तक्ता केला: मडकीवाले चार, सुकी मासळी सहा, टेंपे विकणाऱ्या बायका नऊ. टेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केळीच्या पानात बांधलेल्या वड्या.

त्याच महिन्यात एका रविवारी दुपारी त्यानं जेवायला बोलावलं. आजीबाई होत्या, त्याच्या कॉलेजातले दोन देशबांधव होते आणि मी. जर्मन लोक दुधात शिजवतात तो गोल तांदूळ आणून त्यानं भात केला होता, आणि तांदळाच्या पिठाचे जाडसर घावन, आमच्या आंबोळीसारखे. सगळे जमिनीवर बसलो. आजीबाईसुद्धा गुडघे धरत बसल्या. मी विचारलं, "काय रे, वाढदिवस का?" तो हसला. "नाही, मास. असंच. घरची पद्धत." त्याच्या मित्रांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. मी सहा घावन खाल्ले, आणि एवढे श्रोते आयते सापडलेत म्हणून खोलीतून कागद आणून बाजाराचं प्रकरण वाचून दाखवलं. पोनच्या बाजाराचा तक्तासुद्धा. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "छान आहे, मास."

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी नकाशासाठी जाड कागद सापडेना. दुकानं बंद झालेली. शोधता शोधता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतला तो कागद दिसला. पाच उभे रकाने, माथ्यावर त्याच्या लिपीतलं मला न लागणारं काहीतरी, वीस ओळी, वरच्या बऱ्याचशा चौकटींत बारीक फुल्या. ही असेल जिना पुसायच्या पाळीची नोंद, असं मी धरून चाललो. आजीबाईंचा त्या बाबतीत कडक नियम होता. मागची बाजू कोरी करकरीत. मी तो काढला आणि मागे पाच बाजारांचा नकाशा काढला. वार रंगीत पेन्सिलीनं लिहिले. फार सुबक आला होता, मेला.

दुसऱ्या दिवशी विभागात पंधरा-वीस माणसं. सगळं ठीक चाललं होतं, प्राध्यापकही मान डोलवत होते. बाजाराचा भाग संपला आणि मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई उठल्या. जावातल्या मिशन दवाखान्यात पुष्कळ वर्षं नर्स होत्या म्हणे. त्या म्हणाल्या, "तरुण माणसा, तिथला बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा असतो. तुमच्या-आमच्या सात वारांच्या बरोबरीनं तो वेगळा फिरत राहतो. एखाद्या सोमवारी लेगी येईल, पण पुढच्या सोमवारी येणार नाही. सुट्टी वगैरे काही नसते."

म्हणजे अकरा पानं गेली चुलीत! बाई पुढे आल्या, नकाशा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि उलटा केला. "हे बघा, तुमच्या कागदामागेच लिहिलंय की. पाच वार, पाच रकाने." लोक हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या बराच वेळ त्या फुल्या बघत होत्या. मग कागद माझ्या हातात देऊन हळूच म्हणाल्या, "हा ज्याचा आहे, त्याला परत करा."

प्राध्यापकांनी चार आठवड्यांची मुदत दिली. तोवर प्रकरण दुरुस्त झालं नाही तर पत्र नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. ट्रामनं येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं पक्कं झालं: याला माहीत होतं. याला पहिल्यापासून माहीत होतं! रकाने आखून, कपाटाला लावून, सूचना दिल्यासारखी दिली, पण तोंड उघडून एक शब्द बोलला नाही. स्वयंपाकघरात आजीबाई होत्या, त्यांच्यादेखत मी त्याच्यावर ओरडलो. "माझं आयुष्य पणाला लागलंय, आणि तू छान आहे, छान आहे करत बसलास? तुमची ती सभ्यता घाल चुलीत!" असं बरंच काही. जर्मन संपलं तेव्हा मराठीत शिव्या दिल्या. त्यानं हातातला चमचा धुऊन जागेवर ठेवला. मग म्हणाला, "माझी चूक झाली, मास. आपण दोघं मिळून नीट करू." कागद मी परत दिला नाही. का द्यायचा? त्यावर माझा नकाशा होता.

तीन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी बसलो. मी एकेक ओळ वाचायचो आणि गुरकावून विचारायचो, "हे बरोबर आहे? हो की नाही ते सांग." बिचारा फार कष्टानं 'नाही' म्हणायला शिकला. ऐन थंडीत त्याच्या कपाळावर घाम यायचा. पाच वारांचं चक्र त्यानं समजावून दिलं, बाजारातले व्यापारी त्या चक्राबरोबर गावोगाव कसे फिरतात ते सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या त्या अकरा पानांपेक्षा हे कितीतरी सुंदर आहे. पण कबूल कोण करतो? मी गुरकावतच राहिलो.

शेवटी पोनच्या बाजाराचा तक्ता आला. मडकीवाले चार. "हो." सुकी मासळी सहा. "हो." टेंपे विकणाऱ्या बायका नऊ.

त्यानं तक्ता स्वतःकडे ओढला.

"नऊ," मी पुन्हा म्हणालो.

"नाही, मास. आठ."

मी वही त्याच्यापुढे आपटली. "इथे नऊ लिहिलेत. तुझ्याच गावात राहून, मोजून लिहिलेत. आता आठ कुठून आणलेस?"

"तेव्हा नऊ होत्या," तो म्हणाला. "आता आठ. आई गेली."

हसतच म्हणाला तो. रीतच तशी होती त्यांची, आपलं दुःख दुसऱ्याच्या अंगावर घालायचं नाही. डिसेंबरात पोनच्याच दिवशी बाजारातून टोपली घेऊन घरी आली आणि गेली. पत्र यायला पंधरा दिवस लागले. बोटीनं जायला महिना लागला असता, आणि माती तर त्याच दिवशी झाली होती. उरलं होतं ते दिवस मोजणं. चाळिसाव्याला जेवण घालायचं, शंभराव्याला घालायचं.

पाच रकाने, वीस ओळी. शंभर चौकटी. मला एवढं साधं गणित आलं नाही. आणि ते घावन, सहा खाल्ले मी. चाळिसाव्याच्या पंगतीत बसून मी त्या पोराला त्याच्या आईचा बाजार वाचून दाखवला होता, बुधवार म्हणून, आणि "टेंपे विकणाऱ्या बायका नऊ" म्हणून. चार महिने मी त्याला पाण्याचं विचारलं, जमिनीचं विचारलं, आई काय करते हे कधी विचारलं नाही. लाज वाटली. इतकी लाज मला त्या चर्चासत्रातही वाटली नव्हती.

मी खोलीत जाऊन नकाशा आणला आणि त्याच्यापुढे धरला. म्हटलं, "घे, तुझा आहे."

त्यानं घेतला नाही. "मी दुसरा केलाय, मास. खणात आहे. हा तुम्हाला लागेल." मग नकाशातल्या एका टिंबावर बोट ठेवून म्हणाला, "आणि तिचा बाजार यावर आहे ना. असू दे."

शंभरावा दिवस पुढच्याच आठवड्यात होता. पीठ मी आणलं. घावन मला जमले नाहीत, तव्याला चिकटले, आजीबाईंनी मला बाजूला केलं आणि त्यांनी काढले. सगळे जमिनीवर बसलो. या वेळी मी काही वाचलं नाही.

प्रकरण मुदतीत गेलं आणि पसंत पडलं. पत्र मिळालं. प्राध्यापकांनी फक्त एका ठिकाणी लाल पेन्सिलीनं खूण केली होती. टेंपे विकणाऱ्या आठ बायकांपुढे त्यांनी लिहिलं होतं: मूळ नोंदीत नऊ. आठचा आधार काय?

मी समासात लिहिलं: नवव्या बाईचा मुलगा.