मोनिकाच्या नावाचा उपास
मी आन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओसरीवर बसून पावटा सोलणं. बडीशेपेचा वास आला की ती संध्याकाळ आठवते, कारण दारूचा वास झाकायला मी पिरंगुटहून येतानाच मूठभर चावली होती. आमच्याकडं भाड्यानं राहणाऱ्या ख्रिस्ती नर्सबाईनं बायकोला संत मोनिकाची गोष्ट सांगितली होती. बिघडलेल्या लेकासाठी ती माउली वर्षानुवर्षं देवापुढं रडली, पण थकली न्हाई. तवापासून मी पिऊन आलो की दुसऱ्या दिवशी बायको मोनिकाच्या नावानं उपास धरायची, तिच्या तसबिरीला हळदकुंकू वाहायची. नर्सबाई हसायची, “काकू, आमच्यात कुंकू नाही वाहत!” ही म्हणायची, “तुमच्यात नसंल. माज्या घरात आलीय न्हवं ती?” ती उपाशीपोटी माझ्यासाठी भाकरी थापायची, त्याची लाज वाटूनच माझी दारू आठ महिने सुटली होती. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, “घेतली न्हाई न्हवं?” मी म्हणालो, “येडी का काय तू!” ती खुशीत म्हणाली, “मग उद्या पावट्याची आमटी करते, मीबी दाबून खाईन.” पहाटे झोपेतच तिचं काळीज बंद पडलं. सकाळी माणसं जमली. नर्सबाईनं चहा पुढं केला, तवा मी सगळ्यांदेखत म्हणालो, “नको. काल मी पिऊन आलतो. आज उपास हाय.”